खडूची खूण

मीटरकाकांनी गुडघे टेकले, दातांच्या डॉक्टरच्या पांढऱ्या इलेक्ट्रिक गाडीच्या चाकावर खडूची रेघ ओढली आणि तीच रेघ खाली तळघरातल्या पार्किंगच्या फरशीवर उतरवली. चार्जरची वायर गाडीला लावलेलीच होती.

सोसायटीत चार्जर एक. तो कधी मोकळा सापडत नाही म्हणून दुसरा बसवायचा, आणि त्यासाठी अंगणातलं झाड पाडायचं. झाडाच्या बुंध्यावर कंत्राटदाराने खडूने फुलीसुद्धा मारली होती. शेजारचं कारंजं अध्यक्षांच्या हौसेचं. उद्घाटनानंतर त्यातून थेंब उडाला नव्हता, पण त्याला हात लावायचा नव्हता. काकांची निवृत्ती त्या झाडाखालच्या बाकावर चालली होती.

आठ दिवस काका पहाटे सहाला तळघरात उतरले. आठही दिवस रेघेला रेघ भिडलेली.

"दिवसा एकदा बघून या की," बायको म्हणाली.

"रीडिंग एकदाच घ्यायचं असतं. ठरल्या वेळी. तीस वर्षं घरोघरच्या मीटरचं घेतलंय."

रविवारच्या सभेत काका उभे राहिले. "हा डॉक्टर गाडी हलवतच नाही! नुसती जागा अडवून बसलाय. दुसरा चार्जर हवाय कशाला?"

डॉक्टर गोंधळला. "काका, मी रोज दवाखान्यात जातो."

"मग खूण कशी हलत नाही?"

"ती तुमची होय? मला वाटलं, गाडी लावायचा नवीन नियम. रोज तासभर जातो हो रेघेला रेघ जुळवण्यात. काल तर गेटपर्यंत चार चकरा मारल्या."

"अरे, कोणाला विचारायचंस तरी!"

"खडूची खूण होती. म्हटलं, कोणीतरी विचार करूनच केली असेल."

सभा पोट धरून हसली आणि हसता हसता झाडाचा ठराव कायम झाला.

काकांनी अध्यक्षांना गाठलं. "उद्या माणसं येतील, त्यांना काय पाडायचं ते कोण दाखवणार?"

"दाखवायचं काय त्यात? फुली आहे ना. फुली दिसली की पाडतात, विचारत बसत नाहीत."

सगळे चहाला वळले. काकांनी रुमाल ओला केला, बुंधा स्वच्छ पुसला आणि खिशातून खडू काढून कारंज्यापाशी गुडघे टेकले.

"काय करताय?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"रीडिंग चुकलं होतं," काका म्हणाले. "दुरुस्त करतोय."