अंतराळाची भरती

आर्यभट्ट उपग्रह सुटून दोन महिने होतात न होतात तोच करंजवाडीच्या शाळेपुढं अंतराळवीरांची भरती सुरू झाली. पंचक्रोशी लोटली होती. झाडांखाली गाड्या सुटल्या होत्या, भज्यांची कढई चढली होती आणि मैदानाच्या मधोमध चाळीसएक पोरं नुसत्या चड्डीवर रांगेत उभी होती. माजी सुभेदार हंबीरराव छडी काखेत मारून रांग सरळ करत होते.

"पोट आत! छाती भायेर! गुंडा, चंद्रावर असा पोक काढून जाणार व्हय रं?"

करंजवाडीत घरटी एक माणूस पलटणीत. मैलभर पळाला, छाती फुगवली, पावलं सपाट नसली की पोरगं नोकरीला लागतं, हे गावाला तीन पिढ्या ठाऊक होतं. मग अंतराळातली भरती तरी वेगळी कशाला असेल? ही समजूत गावानं आपल्या आपणच करून घेतली होती. श्री अधांतरनाथ महाराजांनी ती आयती उचलली, एवढंच.

महाराज मंडपात पाटावर बसले होते. शेजारी सोसायटीच्या गोदामातला पोती तोलायचा लोखंडी काटा आणून ठेवला होता. त्याच्या पाटावर भगवं कापड अंथरलं होतं आणि ते चारी बाजूंनी जमिनीला टेकलं होतं. काट्याला लागून एका बुटक्या स्टुलावर महाराजांचा चेला बसे आणि दांडीवरचं वजन सरकवून मोठ्यानं आकडा सांगे.

"बालकहो!" महाराज गरजले. "भूकंपाच्या दिवशी मी कोयनेकाठी ध्यानाला बसलो होतो. धरणीमातेनं मला एकदा झटकलं, दोनदा झटकलं. तिसऱ्यांदा म्हणाली, जा, तुझं ओझं मला नको! त्या क्षणापासून मी अधांतर आहे."

"पर म्हाराज तर पाटावर बसल्याती की," मागून कुणीतरी म्हणालं.

"देह बसलाय. मी वरच आहे!" महाराजांनी डोळे मिटले. "रशिया रॉकेट जाळते, अमेरिका रॉकेट जाळते. अरे, जळण कशाला? माणूसच हलका करा! ज्याचं वजन माझ्या मंत्रानं उतरलं, तो फिट. एकवीस दिवस साधना, की चंद्र खाली आणि तुम्ही वर!"

या गर्दीत सगळ्यात पुढं, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड उघडं टाकून बसला होता तो तात्याबा. त्याची थोरली सुला यंदा मॅट्रिकला गावात पहिली आली होती. रशियाची एक बाई अंतराळात जाऊन आली, हे वाचल्यापासून सुलाच्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. सांगलीच्या कॉलेजात सायन्सचा फॉर्म भरायचा, एवढं तिचं मागणं. फॉर्म आणून झाला होता, बापाची सही तेवढी राहिली होती आणि मुदत शनिवारची होती.

सायन्सच्या बाजूनं बोलणारा गावात एकच माणूस होता, शाळेतले रहिमान मास्तर. ते साताऱ्याच्या वाचनालयात बसून अंतराळवीराला काय काय लागतं याची एक यादीच उतरवून घेऊन आले होते. ती त्यांनी भर मैदानात वाचून दाखवली.

"गणित, पदार्थविज्ञान, इंजिनिअरिंग नाहीतर डॉक्टरकी, यातली पदवी हवी. त्यावर काही वर्षं काम केलेलं हवं. यान चालवायचं असेल तर आधी जेट विमान हजार-हजार तास चालवलेलं हवं. डोळे, कान, काळीज, रक्तदाब, सगळ्याची तपासणी. पोहता आलं पाहिजे. आणि त्यानंतर निवड झालीच, तर पुन्हा काही वर्षं शिक्षण!"

गाव खो खो हसलं. हंबीरराव म्हणाले, "मास्तर, भरतीत पदवी कोन इचारतंय? आन् एवढं शिकूस्तवर चंद्र म्हातारा हुईल की!"

तात्याबाही हसला. इतरांपेक्षा जरा जास्तच हसला. पुढं आयुष्यभर ते हसू त्याला मधूनच आठवे आणि कानाची पाळी गरम होई.

पोरं काट्यावर चढू लागली. महाराज मंत्र म्हणत, चेला दांडी सरकवी. कुणी अर्धा किलो उतरला, कुणी किलोभर. गुंडा तर उलट पाव किलोनं वाढला, कारण त्यानं मधेच भजी खाल्ली होती. मग महाराजांनी बायकांच्या गर्दीत बोट दाखवलं. "ती मुलगी. तिला आणा."

सुला काट्यावर उभी राहिली. अडतीस किलो. महाराजांनी मंत्र म्हटला, चेल्यानं दांडी हळूहळू मागं सरकवली आणि ओरडला, "तेहतीस!"

काटा सोसायटीचा, कालच सरकारी शिक्का मारून आलेला. हंबीररावांनी स्वतः पुढं होऊन दांडी पाहिली. तात्याबानं पाहिली. तेहतीस!

"अंतराळकन्या!" महाराजांनी हात वर केले. "उद्या सकाळी ही माझ्यासोबत निघेल. गावोगाव लोक हिचं दर्शन घेतील. फक्त एक अडचण आहे. विद्या जड असते. डोक्यात पुस्तकं घेऊन कुणी वर गेलंय का? हिची पुस्तकं उद्या आधी नदीत सोडा."

तात्याबाच्या गळ्यात हार पडला. मॅट्रिकच्या निकालाला कुणी घातला नव्हता.

घरी आल्यावर त्यानं हार खुंटीला टांगला आणि कॉलेजचा फॉर्म बिनसहीचाच घडी घालून फळीवर ठेवला. बायको चंद्राबाई चुलीपुढं होती. "पोरगी परक्या मानसासंगं धाडताय? देवाचा असला तरी बाप्याच हाय त्यो," ती म्हणाली.

"आगं, पाच किलो! डोळ्यांनी बगितलं मी. सोताच्या डोळ्यांनी!"

सुला उंबऱ्यात बसली होती. तिचा आवाज रडका नव्हता, नुसता कोरडा होता. "तात्या, मला अंतराळात जायचंच हाय. पर पाच किलो गेलं तर कुटं गेलं? माजी चोळी सैल झाली न्हाई, बांगडी सैल झाली न्हाई. आन् त्यो मंत्र म्हनताना डाव्या टाचंखाली पाट वर उचलल्यागत झाला. मी पडतीय का काय, असं वाटलं."

"काय झाल्यागत?"

"पाट खालनं कुनीतरी उचलल्यागत."

तात्याबाची नजर आपल्या उजव्या पायाकडं गेली. अंगठा वाकडा होता आणि वरच्या बाजूला घट्टा होता, चिंचोक्याएवढा. सांगलीला पोतं पायावर पडून झालं, असं त्यानं गावाला सांगितलं होतं. गावाला कशाला, बायकोलाही तेच सांगितलं होतं.

खरं असं होतं की, तात्याबा वीस वर्षं सांगलीला हळदीच्या एका अडतीवर तोलाईचं काम करत होता. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं की तात्याबानं शेजारी स्टुलावर बसायचं, काट्याच्या पाटाखाली अंगठा सारायचा, टाच जमिनीला रोवून हळूच वर उचलायचं आणि त्याच वेळी हातानं दांडी मागं सरकवायची. पोत्यामागं तीन किलो गायब. पाय दिसू नयेत म्हणून काट्याला गोणपाट लावलेलं असे. आणि शेतकरी? तो बिचारा डोळ्यांत तेल घालून दांडीकडं बघत राही. "नीट बगा हं पावनं, दांडी बगा," असं तात्याबाच त्याला दहादा बजावी.

चोराची पावलं चोराला ठाऊक म्हणतात. इथं तर चोराला स्वतःचंच पाऊल ओळखता आलं नव्हतं. गोणपाटाच्या जागी भगवं कापड आलं, तुळशीची माळ आली, लेकीचं कौतुक आलं आणि वीस वर्षांचा कसलेला तोलारी पुढच्या रांगेत बसून दांडी बघत राहिला! तात्याबाला स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. त्यानं ती खरोखर दिली. चंद्राबाई म्हणाली, "डास हाय व्हय?"

"न्हाई. गाढव हाय."

मग त्यानं दोघींना सगळं सांगितलं. चंद्राबाईनं परातीतला पिठाचा गोळा तसाच ठेवला.

"उद्या पोरीला ताप आला म्हनून सांगू," तात्याबा म्हणाला. "गुपचूप निस्तरंल."

"मग म्हाराज दुसरीची पोरगी न्हेतील," चंद्राबाई म्हणाली. "तुमी तोंड उगडा."

"आन् मला कसं ठावं, असं गावानं इचारलं तर? हंबीररावाची हळद बी त्याच काट्यावर..."

"तर सांगा," ती म्हणाली आणि गोळा पुन्हा थापायला घेतला.

सकाळी मैदानात कालच्या दुप्पट माणूस होता. महाराजांची जीप फुलांनी मढवली होती. सुलाची पुस्तकं लाल फडक्यात बांधून मंडपात ठेवली होती. निरोपाआधी पुन्हा एकदा चमत्कार दाखवायचा म्हणून सुलाला काट्यावर बोलावलं, तेवढ्यात तात्याबा उठला.

"म्हाराज, ते कापड जरा वर करता?"

"अपवित्र होईल!" चेला ओरडला.

"तात्या, खुळा झालास काय? खाली बस!" हंबीरराव डाफरले.

"सुभेदार, दांडी बगू नगासा. ह्येचा पाय बगा."

"पायाचं काय? तुला काय म्हाईत त्यातलं?"

हा प्रश्न येणार हे त्याला रात्रभर माहीत होतं. त्यानं लेकीकडं पाहिलं. ती काट्याशेजारी उभी होती आणि त्याच्याकडंच बघत होती.

"मला म्हाईत हाय," तात्याबा म्हणाला, "कारन मी ह्येच काम वीस वरसं केलंय. सुभेदार, चढा काट्यावर. तुमीच चढा."

चेला स्टुलावरून उठून हातभर मागं सरला होता. तात्याबा त्याच्या स्टुलावर बसला. कापडाखाली पाय सारला. अंगठ्याला जुनी जागा बरोब्बर सापडली, याची त्याला लाज वाटली. हंबीरराव ब्याऐंशी किलो भरले.

"आता मंतर म्हनतो. हळद, कुक्कू, तेल, मीठ!" त्यानं दांडी सरकवली. "किती?"

"शहात्तर," रहिमान मास्तरांनी वाचलं आणि पुढं होऊन भगव्या कापडाची कड एका झटक्यात वर केली.

सगळ्या मैदानानं पाहिलं. सुभेदारांचं भारदस्त शरीर वर, आणि खाली पाटाला टेका दिलेला तात्याबाचा वाकडा अंगठा.

"वजन कमी होत नसतं," मास्तर म्हणाले. "त्यातलं थोडं दुसरं कुणीतरी उचलत असतं. हा अंगठा सहा किलो उचलतोय, म्हणून दांडी सहा किलो कमी दाखवतेय. अंगठा काढ, तात्याबा."

अंगठा निघाला. ब्याऐंशी.

कुणी हसलं नाही. हंबीरराव काट्यावरून सावकाश उतरले. "तात्या, म्हंजी माजी हळद बी..."

"व्हय."

"आन् आमच्या शेजारच्या भाऊसोची?"

"व्हय. समद्यांची. दिवाळीला शेट एक धोतर द्यायचा. तेवढ्यासाठी."

आणि मग करंजवाडीनं करंजवाडीसारखंच केलं. सगळा गाव तात्याबावर धावून गेला. कुणी बंडी धरली, कुणी आई-बहीण काढली, भजीवाल्या बनुबाईनं तर चप्पल उगारली. या गोंधळात जीप सुरू झाली आणि धुरळा उडवत विट्याच्या रस्त्याला लागली. अधांतरनाथ सहीसलामत निसटले. सापडला तो तात्याबा!

शेवटी मास्तर आणि हंबीररावच मधे पडले. "सोडा त्याला," सुभेदार धापा टाकत म्हणाले. "चोर तर हायच. पर आपल्या पायानं भायेर आलाय. आन् मी? सोता पुढं हून दांडी बगितली मी. भरतीतला मानूस, पावलं तपासनारा! चाळीस पोरांची पावलं तपासली आन् चेल्याची तेवढी ऱ्हायली." त्यांना एकदम हसू फुटलं, आणि मग हळूहळू मैदानालाही.

शिक्षा ठरली ती अशी. दर सुगीला सोसायटीच्या काट्यावर तोलायला तात्याबानंच बसायचं, पण धोतर गुडघ्यावर खोचून आणि दोन्ही पाय समोरच्या उपड्या घमेल्यावर ठेवून. तो तसाच बसे. पोरं त्याला अंगठेबाबा म्हणत. तो म्हणे, "म्हना. पर आदी घमेल्याकडं बगा, मग दांडीकडं."

फॉर्मवर त्यानं त्याच दुपारी सही केली. शनिवारी सकाळी एस.टी.च्या थांब्यावर सुलाची पुस्तकांची पेटी डोक्यावरून उतरवताना त्याची मान अवघडली.

"लय जड हाय गं ही."

"मास्तरांची यादी बी त्यात हाय, तात्या," सुला म्हणाली. "ती समदी पुरी करायची तर अजून जड हुईल."

"हुं दे," तो म्हणाला. "उचलीन मी. वर उचलायची सवय हाय मला."

सुला पहिल्यांदाच हसली. गाडी आली, पेटी टपावर चढली. कंडक्टरनं घंटी मारल्यावर तात्याबा खिडकीशी वाकून म्हणाला, "एक ध्येनात ठिव. कुनी म्हनलं अमुक बग, तर ते बग. पर त्यो काय बगू नगं म्हनतोय, ते आदी बग. आन् मी सांगितलं तरी बग. मी सांगितलं तर दोनदा बग."

गाडी सुटली. तात्याबा अनवाणीच, वाकडा अंगठा न लपवता, घराकडं निघाला.