समुद्रापारची मिशी

डोळे मिटा पाहू, आणि एक मिशी डोळ्यांसमोर आणा. साधीसुधी नको. चांगली झुबकेदार, जणू दोन खारी पाठीला पाठ लावून बसल्यात. आणली? आता तिच्यामागे एक माणूस उभा करा. हे झाले चिमणीचे बाबा.

चिमणी पाळण्यात असतानाच बाबा परक्या राजाच्या फौजेत शिपाई होऊन समुद्रापार गेले. घरात राहिला तो तिकडून आलेला फोटो. "आई, खेळायला जाऊ?" असं चिमणीने विचारलं, की कामात बुडालेली आई म्हणे, "बाबांना विचार." चिमणी फोटोला विचारी. फोटो गप्प. आणि आजीने नियमच घालून दिला होता, गप्प म्हणजे हो! त्यामुळे चिमणीची चंगळ होती. फक्त शेजारच्या धोब्याचा पोरगा तिला चिडवी, "भिंतीवरचे बाबा! माझे बघ, कसे 'नाही' म्हणून ओरडतात!" मग चिमणी पाय आपटत घरी येई.

एके सकाळी पत्र्याची ट्रंक घेऊन एक सफाचट माणूस दारात आला. आजी रडायला लागली, आई हसायला लागली, आणि चिमणी दार अडवून उभी राहिली.

"कोण पाहिजे?"

"अगं, मी तुझा बाबा!"

"माझ्या बाबांना मिशा आहेत."

शिपायाने कपाळाला हात लावला. "ती मिशी फोटोवाल्याची गं! सगळ्या पलटणीला मिळून एकच. डिंकाने चिकटवायची, फोटो काढायचा, की उपटून पुढच्याला. माझ्याआधी बिगुलवाल्याने लावली, त्याला आली शिंक, आणि मिशी उडाली ती थेट सुभेदारांच्या चहात. मी लावली तेव्हा गोड लागत होती!"

आई तोंडात पदर कोंबून हसली. चिमणी नाही हसली.

बोटीवर सगळ्या वाटेने शिपायाने एकच स्वप्न पाहिलं होतं : पोर धावत येईल, 'बाबा' म्हणेल. त्याने घाईघाईने ट्रंकेतून रंगीत गोळ्यांचा डबा काढला. चिमणी फोटोकडे वळली. "बाबा, या माणसाकडून गोळ्या घेऊ?" फोटो गप्प. तिने मूठभर उचलल्या. "बरं हं, काका."

काका! तोफांपुढे न डगमगलेला गडी मटकन ट्रंकेवर बसला.

"अहो, धीर धरा जरा," आई म्हणाली.

तेवढ्यात चिमणीचा पुढचा प्रश्न झालाही. "बाबा, छपरावर चढू?" फोटो गप्प. ती परसात पळाली. एक पाय पिंपावर, दुसरा खिडकीच्या गजात...

"नाही!" शिपाई असा गरजला की कोंबड्या दाही दिशांना उधळल्या आणि आजीच्या हातातलं भांडं पडलं. "खबरदार! कौलं मोडकी आहेत. उतर आधी!"

चिमणी थिजली. तोंडातली गोळी टुपकन खाली पडली. संपलं सगळं, शिपायाला वाटलं. आता ही पोर जन्मात जवळ यायची नाही.

चिमणीने खिडकीतून फोटोकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग पिंपावरून टुणकन उडी मारली, त्याचं बोट धरलं, आणि त्याला फरफटत धोब्याच्या दारात नेऊन बेंबीच्या देठापासून ओरडली, "ए, बाहेर ये! माझे बाबा आले! 'नाही' म्हणाले!"