कोपराशी कापलेला फोटो

मल्हारगंजातल्या कापडवाल्या शेठजींच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी म्हातारीला पाठुंगळी घेऊन आला होता, कुणी लुळ्या पोराला खाटेसकट. सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या एका मोठ्या फोटोवर खिळल्या होत्या. त्यात गौतमपुऱ्याचे तुकोजी ताठ उभे होते. झाडावरून पडून कंबर मोडलेले, कूस बदलायलाही दुसऱ्याची मदत लागणारे तुकोजी. फोटोला झेंडूचे हार होते आणि हारांखाली गादीवर संजीवननाथ महाराज बसले होते.

"डॉक्टर झूठ बोल सकता है, वैद झूठ बोल सकता है," महाराज डोळे मिटून सांगत होते. "अरे, मैं भी बोल सकता हूँ. लेकिन कॅमेरा? उसे न भक्ति है, न बैर. काँच की आँख, जो सामने है वही देखे."

एवढं बोलून ते एक डोळा किलकिला करत, गर्दी कितपत भिजली याचा अंदाज घेत आणि मग ठेवणीतलं वाक्य सोडत. "लकड़ी खोलो, विश्वास बाँधो."

लाकूड म्हणजे डॉक्टरांनी पायांना बांधलेल्या फळ्या.

दाराशी अरुंधती उभी होती. ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवी. मध्यभारत सरकारच्या बांधकाम खात्यात कारकून असलेला तिचा धाकटा भाऊ श्रीकृष्ण तिला आग्रह करकरून घेऊन आला होता. आदल्या पावसाळ्यात त्याच्या मुलीला, लीलाला, ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा पोरीचे पाय गेलेले होते. डॉक्टरांनी पोलिओ सांगितला, फळ्या बांधल्या, रोजचा व्यायाम शिकवला आणि म्हणाले, वेळ लागेल. कदाचित पूर्ण बळ येणारही नाही. ते 'कदाचित' श्रीकृष्णाला सोसवत नव्हतं. महाराज कधी कदाचित म्हणत नसत.

"पाहिलंस ना अक्का?" घरी परतताना तो म्हणाला.

"पाहिलं. पण तो फोटो फार वाईट कापलाय रे."

"कापलाय म्हणजे?"

"फोटोच्या कडा कापतात त्या चित्र नेटकं दिसावं म्हणून. नको ती अडगळ काढतात, माणसाच्या अंगाभोवती थोडी जागा ठेवतात. इथे तुकोजींच्या डोक्यावर हातभर आभाळ सोडलंय, पायाखाली ढीगभर जमीन ठेवलीय, आणि दोन्ही बाजू मात्र बरोब्बर कोपरावर तोडल्यात. नजर असलेला माणूस असं कापत नाही. कोपराला कुणीतरी धरलं होतं, ते लपवायचं असेल तरच कापेल."

श्रीकृष्ण झपझप पुढे चालू लागला. मग म्हणाला, "तुला सगळ्यात खोटच दिसते. लीला तुझी मुलगी असती तर?"



पुढच्याच आठवड्यात ती शाळेतून आली तर घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, सगळे इस्पितळात गेलेत. वॉर्डाबाहेरच्या बाकावर भावजय रमा पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. श्रीकृष्ण भिंतीला टेकून उभा होता.

"महाराजांनी मागच्या अंगणात नेऊन फळ्या सोडायला लावल्या," तो म्हणाला.  "एकीकडून मी धरलं, दुसरीकडून त्यांच्या शिष्यानं, रघुवीरनं. फोटोपुरतं, म्हणाले. फोटो निघाला. मग म्हणाले, 'अब छोड़ो'. लीला म्हणत होती, बाबा, सोडू नका. मी सोडलं, अक्का."

मांडीचं हाड मोडलं होतं. महिनोन् महिने न वापरलेलं ठिसूळ हाड. डॉक्टरांनी या वेळी कदाचित म्हटलं नाही. हा पाय आखूडच राहील, म्हणाले.

लीला अजून इस्पितळात कण्हत होती, तेव्हा मल्हारगंजातल्या त्या भिंतीवर तुकोजींशेजारी दुसरा फोटो लागला. फोटोत लीला उभी होती. गर्दी दुप्पट झाली. श्रीकृष्ण धावत गेला, झालं ते ओरडून सांगू लागला. लोकांनी त्यालाच गप्प केलं. "बाप का विश्वास डगमगाया, इसलिए गिरी. खड़ी तो हुई थी ना? फोटो देख लो, भिया."

घरी येऊन तो उंबऱ्यातच बसला. "माझा हातच कापला त्यांनी. फोटोत मी नाहीच."

अरुंधतीने पायात चपला सरकवल्या आणि ती खजुरी बाजारात लक्ष्मीकांतच्या स्टुडिओत गेली. हे फोटो त्यानेच काढले होते. तिने भांडण केलं नाही. म्हणाली, "माझ्या भाचीचा फोटो हवाय. निगेटिव्हच्या काचेवर आहे तेवढा, पूर्ण."

लक्ष्मीकांतने मान खाली घातली. "देखो बाई, मी तर पूराच दिला होता. कडा कापून आणा, मुलीवरच लक्ष राहिलं पाहिजे, असं महाराजांच्या लोकांनी सांगितलं. कापणं तर आमचं रोजचं काम आहे. लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात तांब्या येतो, झाडू येतो, आम्ही कापून टाकतो. चित्र सुधारतं."

"तांब्या कापणं वेगळं, लक्ष्मीकांतजी. हात कापणं वेगळं. आणि ती पडली तेव्हा तुम्ही तिथेच होतात."

त्याने आत जाऊन काच शोधली आणि अख्खा फोटो मोठा करून दिला. मग न विचारता तुकोजींचाही दिला.

दुसऱ्या दिवशी अरुंधती भावाला घेऊन बैठकीत शिरली. दोन्ही फोटो तिने समोरच्या चौरंगावर उभे केले. लीलाच्या दोन्ही कोपरांना धरून दोन माणसं होती. तुकोजींच्याही. त्यांच्या मागे तर तिसरा बसून कंबर रेटत होता; त्याचं डोकं तुकोजींच्या धोतराआड झाकलं होतं आणि गुडघा तेवढा बाजूला दिसत होता. अरुंधतीने काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या लीलाच्या फोटोवर दोन्ही बाजूंनी आत सरकवल्या. माणसं नाहीशी झाली, मुलगी एकटी उभी राहिली. पट्ट्या बाहेर ओढल्या. माणसं परत आली.

"एवढाच चमत्कार आहे," ती म्हणाली. "कॅमेरा खोटं बोलला नाही. कात्री बोलली."

"यह सब माया है," महाराज हसून म्हणाले. "दूसरा फोटो बनाने में क्या लगता है?"

श्रीकृष्ण पुढे झाला. त्याने आपला हात फोटोतल्या हाताशेजारी धरला. तीच अंगठी, तेच वाकडं बोट. "हा हात माझा आहे," तो म्हणाला. "मी धरलं होतं तोवर ती उभी होती."

मागून गौतमपुऱ्याचा एक शेतकरी दबक्या आवाजात बोलला, "तुकोजी तो दिवाली के हिंगोट-मेले के पहले ही चल बसे. खाट पर ही. हमें बोला था, बाहर मत कहना, किरपा उतर जाएगी."

 महाराज पूजेची वेळ झाली म्हणून उठून आत गेले ते परतले नाहीत. तरीही निम्मी माणसं हात जोडून तशीच बसून राहिली. अरुंधती त्यांच्याकडे पाहत होती. इतक्या दुरून आशेवर आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतणं किती जड जातं, हे ती घरातच बघत होती.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "काच लक्ष्मीकांतजींच्या दुकानात आहे, तिथे जाऊन पाहा. गौतमपुऱ्याला जाऊन विचारा. कुणीही काही दाखवलं की विचारा, कडेबाहेर काय होतं? ते कुणी कापलं? आणि उभा राहिलेला माणूस आज कुठे आहे? विचारल्यानं रागावतो तो देव नव्हे आणि वैद्यही नव्हे. ज्याला प्रश्न चालत नाहीत, त्याच्या हाती आपलं पोर देऊ नका."

 थोड्या वेळाने एक मालवी बाई मांडीवरच्या पोराला सावरत उठली. पोराच्या फळ्या तिने सोडून काखेत धरल्या होत्या. तिने त्या अरुंधतीपुढे केल्या.

"बाई, ये वापस कैसे बाँधते हैं?"

"मला नाही येत," अरुंधती म्हणाली. "पण ज्यांना येतं त्यांच्याकडे आत्ताच जाऊ. चला."