उंदरांची पाठ आणि ओरेस्टचा कान

“कापून घेणार नाही म्हणजे नाही!” ओरेस्टने काटा ताटात आपटला. “तूच सांगितलंस ना लेस्या, कापलं की गाठ येते म्हणून?”

सांगितलं होतं खरं. जीभ झडो माझी!

विनिपेगच्या एका प्रयोगशाळेत मी उंदीर सांभाळते. पिंजरे साफ करायचे, खायला घालायचं आणि त्यांच्या पाठी भादरायच्या. भादरलेल्या जागी डॉक्टर इमरींचं औषध लावलं की कातडीच्या मूळ पेशींतलं कॅन्सरचं जनुक चालू होतं. मूळ पेशी म्हणजे जिथून नवी कातडी आणि नवे केस येतात त्या. जनुक त्यांना सारखं बजावतं, वाढा, वाढा. आणि गंमत बघा, पेशी ढिम्म! उंदीर मजेत खातात, झोपतात. मात्र एकदा माझ्या हातून भादरायचं यंत्र घसरलं, एकाची पाठ जराशी कापली गेली. जखम भरली आणि नेमकी तिथेच गाठ आली. मग डॉक्टरांनी मुद्दाम जखमा करून पाहिल्या, तर पुन्हा तेच. हे मी मोठ्या कौतुकाने घरी येऊन सांगितलं. पुढच्याच आठवड्यात ओरेस्टच्या कानामागे जी खपली बरी होत नव्हती, ती कॅन्सरची निघाली. जन्मभर उन्हात लोकांच्या घरांची छपरं घालत आलेला माणूस तो.

“अरे, तू काय उंदीर आहेस?”

“तुझ्याशी लग्न केल्यापासून दुसरं काय आहे मी?”

मला हसू आलं आणि रडूही. बटाटा भरलेली पेरोगी, आमच्याकडची उकडलेली करंजी, ताटात गार होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर इमरींना गाठलं. “डॉक्टर, नवऱ्याचा कान कापला तर आजूबाजूच्या पेशी जाग्या होतील का हो?”

ते दचकलेच. “छे छे, लेस्याबाई! आधी शस्त्रक्रिया करून घ्या. गाठ झालेली आहे, ठेवली तर पसरेल.”

“मग आपल्या उंदरांना कापल्यावर का येते?”

“जखम भरायची तर पेशींना वाढावंच लागतं. जनुक आधीपासून वाढा म्हणतंय, आता जखमही तेच म्हणते. दोन्ही एकत्र आलं की...”

“पण जखम तर ओरेस्टचीही भरणार!”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “भरेल. पण माणसाचं इतकं सरळ नसतं. कुणाला गाठ येते, कुणाला तेच जनुक असून कधीच येत नाही. का, ते मला माहीत नाही. माहीत असतं तर तुम्हाला उंदीर भादरायला कशाला लावलं असतं?”

माणूस खरं बोलला, त्याच्यावर चिडू तरी कशी? पण धीरही येईना. कापलं नाही तर पसरणार. कापलं तर आणखी काय उठेल, देव जाणे. डोक्याचा नुसता भुगा झाला.

“डॉक्टर म्हणाले, कापायलाच हवं,” मी घरी येऊन सांगितलं.

“ते राहू दे. तू काय म्हणतेस?”

“मी?”

“हो, तूच. तू म्हणशील तसं.”

असा कसा हा माणूस! माझ्या गळ्यात धोंडा बांधून मोकळा. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, “कापायचं.”

“नक्की?”

“नक्की!”

दवाखान्यात परिचारिकेने त्याला ऐकण्याचं यंत्र काढून ठेवायला सांगितलं. हातोड्याच्या आवाजाने त्याचे कान केव्हाच गेलेत. यंत्र नसलं की तो ठार बहिरा. त्याने ते माझ्या तळहातावर ठेवलं.

मग मात्र मला राहवेना. “ओरेस्ट, मला काहीच माहीत नाही रे. मी नक्की म्हणाले, पण मला काहीसुद्धा नक्की माहीत नाही. भीती वाटते मला.”

तो माझ्या तोंडाकडे बघत हसला. “कळलं, कळलं,” बहिरी माणसं बोलतात तसा मोठ्याने म्हणाला, “तू म्हणालीस म्हणूनच तर आलो!” सगळे वळून बघायला लागले. तो शर्ट नीट खोचून आपल्या पायांनी आत गेला.

यंत्र माझ्या मुठीत बारीक शिट्टी वाजवत राहिलं. ते बंद कुठून करतात, तेही मला आठवेना.