जावळाची मंजुरी

विराजच्या कानामागं केसांत गळू झालं होतं. गंगाखेडचे डॉक्टर म्हणाले, "केस काढावे लागतील, मग चीर देतो. लांबवू नका."

मी मान हलवली आणि त्याला घेऊन घरी आले. विराजचं जावळ व्हायचं होतं. आमच्यात पहिले केस कुळदैवतापुढं काढतात, लेकरू मामाच्या मांडीवर आणि केस झेलायला आत्या. त्याआधी वस्तरा लावायचा नाही. आणि सासू-सासरे ऊसतोडीला सांगलीकडं गेलेले, परतणार ते उन्हाळ्यात.

नवऱ्याला, परमेश्वरला, फोन केला. तो उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर.

"आईला इचार. मी लाइनीत हाय."

"पोरगं तुमचं हाय का आईचं?"

"दोघांचं हाय. तू फोन लाव."

सासूबाईंचा फोन बंद. तो मुकादमाकडं चार्जिंगला जातो, कधी परत येतो कधी नाही. मी व्हॉइस मेसेज टाकला आणि विराजला मांडीवर घेऊन कामाला बसले.

मी घरी बसून भाषांतरं करते. सध्या एका ब्रिटिश वसाहतीचा गव्हर्नर आणि लंडनचं सरकार यांचा जुना पत्रव्यवहार मराठीत आणत होते. बंदरात तापाच्या रोग्यांचं जहाज आलेलं. आजाऱ्यांना उतरवून रिकाम्या बराकीत ठेवावं, अशी गव्हर्नरची विनंती. लंडनचं उत्तर: पत्र पोचलं, आजारी किती, खर्च कोणाचा, पूर्वी असं कधी केलं आहे काय, ते कळवावं. गव्हर्नरनं कळवलं. मग त्यावर आणखी प्रश्न. प्रत्येक पत्राखाली 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक'. एका हातानं टाइप करून माझं मनगट भरून आलं.

संध्याकाळी सासूबाईंचा मेसेज आला. मागं कोयत्यांचा आवाज.

"कोन्त्या बाजूला हाय? लिंबाचा पाला बांधलास का? ह्यान्ला इचारून सांगते."

मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सासरे आप्पाराव बोलले. "आपल्या भावकीत आसं कुनी केलंय का, दत्तरावला इचार."

दत्तराव भावकीतले थोरले. ते म्हणाले, "मी कोन सांगनारा बाई? आप्पाराव म्हनंल तसं."

विराज आता गळवाच्या कुशीवर झोपेना. मान एकीकडं धरून ठेवायचा. मी सारखी कपाळाला हात लावत होते. दुपारी ते तापलं. लॅपटॉपवर गव्हर्नरचं पुढचं पत्र उघडं होतं: 'आजाऱ्यांना काल उतरवून घेतलं आहे. मंजुरी मिळावी ही विनंती.'

मी लॅपटॉप मिटला आणि भावाला, गोपाळला, फोन केला. तो सोनपेठहून मिळेल त्या एसटीनं आला.

"मामा म्हनून बोलावलंस का हमाल म्हनून?" पिशवी उचलत त्यानं विचारलं.

"आधी मामा."

दवाखान्यात गोपाळ स्टुलावर बसला, विराज त्याच्या मांडीवर. मी खाली ओढणी पसरून धरली. नर्सबाई वस्तरा घेऊन थांबल्या.

"हे काय करायलाव ओ तुमी?"

"जावळ," मी म्हटलं.

त्यांनी केस ओढणीतच पडतील असा हात धरला. मग डॉक्टरांनी चीर दिली. विराज रडून रडून गोपाळच्या खांद्यावर झोपला.

मी सासूबाईंना मेसेज टाकला: 'जावळ आज केलं, मामाच्या मांडीवर. केस जपून ठेवलेत. तुमी आल्यावर देवाला नेऊ.'

सासूबाईंचा फोनच आला.

"आत्याच्या जागी कोन व्हतं?"

"मीच."

कोयत्यांचा आवाज मागं पडला, त्या फडाबाहेर आल्या असाव्यात.

"ताप उतरला का?"

"उतरायलाय."

"बरं. ह्यान्ला मी अजून सांगितलं न्हाई. सवडीनं सांगते. तू दत्तरावला बोलू नको."

"न्हाई बोलत."

"जेवलीस का?"

जेवले नव्हते. हो म्हटलं.