सत्तेचाळीसची ताई

मेकाँगकाठच्या त्या कॉलेजात एक जुनी रीत होती. पहिल्या वर्षाच्या हजेरीत जिचा जो क्रमांक, त्याच क्रमांकाची दुसऱ्या वर्षातली मुलगी तिची ताई. तिनं नाव न सांगता खाऊ ठेवायचा, खुणा सोडायच्या आणि धाकटीनं ताईला शोधत फिरायचं. आता तिथेच शिकवणाऱ्या विलाईबाई स्वतः तिथे शिकायला आल्या तेव्हा घरच्या आठवणीनं रडून रडून परत निघाल्या होत्या. खिडकीत कुणीतरी केळीच्या पानात बांधलेला गोड चिकट भात ठेवून गेलं आणि त्या राहिल्या. आता केस पांढरे झाले, तरी तो भात त्यांना आठवे.

यंदा दुसऱ्या वर्षातली सत्तेचाळीस म्हणजे दुआन. दोन विषयांत नापास झालेली. आधीच पोरीच्या डोक्यावर ओझं, त्यात धाकटीची उस्तवार कशाला, असा विचार करून बाईंनी पहिल्या वर्षातली सत्तेचाळीस, नवी आलेली कुंग, शेहेचाळीसच्या ताईकडे सोपवली. तेव्हापासून दुआन वर्गात दिसेना.

बाई वसतिगृहावर गेल्या. दुआन बॅग भरत होती. बाईंना बघताच हात जोडून जमिनीवर बसली. बाई जादा तासांचं बोलल्या, पुन्हा परीक्षा देता येईल म्हणाल्या. दुआन मान डोलवत होती आणि कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बाई, राग नाही," ती शेवटी म्हणाली. "पण माझी धाकटी दुसरीकडे दिलीत, तेव्हाच कळलं. मी गेलेच, असं तुम्ही धरून चालला आहात."

"तुला त्रास नको म्हणून दिली गं."

"नापास झालेय, बाई. मेले नाहीये."

बाईंना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. आपलं चुकलं, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग म्हणाल्या, "कुंगला परत मागते. पण मधेच टाकून जाणार असशील, तर आत्ताच सांग. त्या पोरीला दोनदा पोरकी करायची नाही मला."

दुआननं हातातली घडी खाली ठेवली. मग तिनं विचारलं, कुंगला खायला काय आवडतं? बाईंना ठाऊक नव्हतं.

"शेहेचाळीसला माहीत असेल," म्हणत दुआन उठली, दाराबाहेरच्या चपला पायात सरकवून जिना उतरली.

अर्धी भरलेली बॅग तशीच उघडी होती. कपडे काढून कपाटात ठेवावेत, असं बाईंच्या मनात आलं. पण त्यांनी हात लावला नाही. ते दुआननंच करायला हवं होतं.