पावणेपाचचा फोन

माझा भाऊ अश्विन सत्तावीस वर्षांचा घोडा झाला, तरी पहाटे पावणेपाचले मी सक्करदऱ्याहून फोन केल्याशिवाय खापरखेड्यात त्याचा डोळा उघडत नाही, असं मी साऱ्या जगाले सांगत होती. तक्रार करता करता छातीही फुगत होती. खोटं काहून बोलू?

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा, मी एकवीसची. त्याची दहावी आहे म्हणून एक स्थळ परत पाठवलं, बारावी आहे म्हणून दुसरं. आता तो वीज केंद्रात कंत्राटावर लागला, सकाळी सहाची पाळी. गेल्या महिन्यात दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा झाला तर कंत्राट वाढणार नाही, असं साहेबानं बजावलं होतं. तेव्हापासून मी फोन उशाशी ठेवून अर्धी जागीच राहत होती.

रविवारी कोथिंबिरीच्या सांबारवड्या घेऊन त्याच्या खोलीवर गेली. तो दुकानात गेला होता. शेजारच्या रुख्मिणीकाकू ओट्यावर आल्या.

"तूच का वं नीला? मोठा गुणाचा भाऊ आहे तुझा. चारले उठते, आंघोळ करते, डबा भरते, जोडे घालून इथं ओट्यावर बसते."

"बसते? काहून?"

"तुझ्या फोनची वाट पाहून राहते नं! दोनदा तुझा फोन उशिरा आला, तर बस चुकली त्याची. मी म्हटलं, जा नं गा! तर म्हणते, ताईचा फोन उचलून मगच निघतो."

माय वं! त्या दोन्ही दिवशी मले ताप होता. मी साडेपाचले फोन केला, तर हा कसा बोलला? "हं... उठतो नं ताई..." अगदी झोपेतला आवाज.

अश्विन आला तशी मी विचारलं, "झोपेचं सोंग काहून करत होता रे?"

तो वड्यांकडे पाहत म्हणाला, "तुले बरं वाटते म्हणून. बसमधून उचलला असता तर गोंगाट ऐकू आला असता नं."

आधी राग आला, मग रडूच आलं. इतकी वर्षं मले वाटत होतं, याचं माझ्याशिवाय चालत नाही. चालत माझंच नव्हतं. अन् त्यापायी त्याची नोकरी जाऊन राहिली होती.

"उद्यापासून फोन बंद," मी म्हटलं.

"मग तू काय करशील?"

"झोपीन!"

सोमवारी साडेचारलेच टक्क जागी. हात फोनकडे जाऊन राहिला, म्हणून फोन तांदळाच्या डब्यात घातला अन् डब्याजवळच बसली. पाच वाजले. साडेपाच वाजले. आता बस निघाली असंल. हा बसला असंल का ओट्यावरच? पण झाकण नाही उघडलं.

सहाले दहा कमी असताना तांदूळ वाजले.

"ताई, पोचलो. गेटवर आहे. तू बरी आहेस नं?"

मी जांभई दिली, आवाज जड केला. "हं... कोण? झोपून राहिली होती नं रे..."

तो हसला. "राहू दे ताई. झोपेचा आवाज तुले जमत नाही."

"शिकीन," मी म्हटलं. "वेळ लागंल."